दोन छोट्या, एक लांब

"ह्यांना जाऊन सात महिने झाले. पण रोज पाचला बेल वाजते, ती ह्यांचीच," आजी म्हणाल्या.

तपासनीसांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचे सोबती मास्तर, म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, दाराकडे बघून उगाचच खाकरले.

"ह्यांचीच म्हणजे?"

"दोन छोट्या, एक लांब. चाळीस वर्षं तशीच. मी धावत जाऊन दार उघडते, तर जिना रिकामा." आजींनी पदर सावरला. "पंधरा दिवस हेच चाललंय. मुलगा म्हणतो, भास होतात. उद्या डॉक्टर येणार. त्यांनी तसं लिहून दिलं की माझी रवानगी संस्थेत. मला माझ्या घरातच राहायचंय हो."

"पंधरा दिवसांपूर्वी घरात काय झालं?"

"काही नाही. बेल बिघडली होती, ती बदलली."

मास्तरांनी बाहेर जाऊन नवं बटण दाबलं. आत पाखरू किलबिललं.

"आता बोट दाबून धरा," तपासनीस म्हणाले. पुन्हा तेवढीच किलबिल. "झटकन सोडा." तेवढीच.

"छान चालू आहे की!" मास्तर खूश झाले.

तपासनीसांनी वायरमनला फोन लावला. "जुनी बेल ठणठणीत होती साहेब," तो म्हणाला. "फक्त बटण गेलं होतं. पण आजींचे चिरंजीव म्हणाले, बिनवायरचीच लाव. जुनी काढून त्यांच्या हातात दिली. वायर भिंतीतच आहे."

वरच्या मजल्यावरची शिवणवाली गळ्यातल्या टेपसकट खाली आली. "पाचची बेल? ऐकते की! टर्र, टर्र, टर्रर्र. अंगावर काटा येतो."

मुलगा घरूनच काम करायचा. तो खोलीतून वैतागून बाहेर आला. "मला तर कधीच ऐकू आली नाही. आणि जुनी बेल वायरमन घेऊन गेला."

"बसा ना जरा," तपासनीस म्हणाले, आणि हात धुवायला म्हणून आत गेले.

घड्याळात पाच वाजले.

टर्र. टर्र. टर्रर्र.

सगळ्यांच्या नजरा दाराकडे गेल्या. मुलगा मात्र पांढराफटक पडून दारावरच्या माळ्याकडे बघत होता.

"भुताला दार कळतं. बेल माळ्यावर लपवलीय, हे फक्त तुम्हाला कळलं," तपासनीस आतून येत म्हणाले. "आत्ता मीच वाजवली. तुमच्या टेबलाखालच्या बटणाने."

"पण तुम्हाला कळलं कसं?" मास्तरांनी विचारलं.

"नवी बेल कशीही दाबा, किलबिल तेवढीच. तिच्यावर छोटी-लांब वाजवताच येत नाही. म्हणजे वाजते ती जुनीच. ती वायरमनने यांच्या हातात दिली, आणि हे म्हणतात तो घेऊन गेला. वरच्या बाईंना ऐकू येते, पलीकडच्या खोलीत यांना येत नाही. भिंतीतली वायर पुढे यांच्या टेबलापर्यंत ओढलेली आहे."

मुलगा मान वर करेना. "घर मोकळं व्हायला हवं होतं," तो पुटपुटला.

आजींनी मुलाकडे पाहिलं. त्यांना रागापेक्षा लाजच जास्त वाटत होती.

"रोज पाचच्या आधी मी केस विंचरून बसायचे रे," त्या म्हणाल्या. "तू बघत होतास."

मग त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली दे. यापुढे तू बेल वाजवून यायचं. दार उघडायचं की नाही, ते मी ठरवीन."