राखेत नसलेली चौकट

विलिसी नवाका तावेउनी बेटावर होडीतून उतरली, तेव्हा तिला तपासायची होती ती शेड जागेवर नव्हती. काळा चौकोन उरला होता आणि मधोमध तेल काढायचा लोखंडी घाणा.

लहान उद्योगांच्या सरकारी अनुदानाच्या यादीत लोसानाचं नाव पहिलं होतं. खोबरेल आणि साबण करणारी विधवा, कागद चोख. अधिकाऱ्यानं जागा डोळ्यांनी पाहायची, एवढंच उरलं होतं. आदल्या दिवशी दुपारी, सगळं गाव शेजारच्या गावी लग्नाला गेलं असताना कुणीतरी रॉकेल ओतून शेड पेटवली.

नियम सोपा होता. तपासणीला जागा उभी नसेल तर नाव कटतं आणि पुढचं वर येतं. पुढचं नाव रतेश प्रसादचं, पाववाल्याचं. रॉकेलही त्याच्याच दुकानात मिळायचं. गावानं त्याच्या दुकानाच्या काचा फोडल्या होत्या आणि पोलीस शिपाई सेमीनं त्याला धरून बसवलं होतं.

लोसानाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत फडकी गुंडाळली होती.

"आगीत कशाला शिरलीस?" विलिसीनं विचारलं.

"जोनेची तसबीर होती भिंतीवर. त्याची तेवढी एकच. खिळा चाचपला, तो तापून लाल झाला होता. तसबीर नव्हती."

"खाली पडली असेल."

"खालीही चाचपलं."

विलिसीनं अर्जाला जोडलेला फोटो काढला. त्यात घाण्यामागच्या भिंतीवर लोसानाचा नवरा जोने हसत होता, जाड पत्र्याच्या चौकटीत. तिनं राख चाळायला घेतली. बिजागऱ्या सापडल्या, साबणाचे साचे सापडले, खिळाही सापडला. चौकट मात्र नव्हती.

जोनेचा थोरला भाऊ आपिसाई जवळच उभा होता. निवृत्त मास्तर, भाऊकीचा कर्ता. लोसानाचा अर्ज त्यानंच सुवाच्य अक्षरात लिहिला होता आणि शेडखालच्या भाऊकीच्या जमिनीच्या संमतीपत्रावर पंचांदेखत सही केली होती.

"मास्तर, तसबीर कुठे गेली असेल?"

"जळाली, बाई. आगीपुढे काय टिकतं?"

"पत्रा टिकतो," विलिसी म्हणाली.

ती सेमीच्या कानाशी लागली. सेमी मास्तरांच्या घरी गेला आणि अर्ध्या तासानं परतला. मास्तरांच्या चर्चला घालायच्या कपड्यांच्या पेटीत, तळाशी, धुतल्या चादरीत गुंडाळलेली तसबीर त्याच्या हातात होती. तिला धुराचा डागही नव्हता.

सभागृहाच्या चटयांवर गाव जमलं होतं.

"जाळणाऱ्यानं आधी ही उतरवली," विलिसी म्हणाली. "महागडा घाणा सोडला, तेलाचे डबे सोडले, फक्त चेहरा वाचवला. रतेशला या चेहऱ्याचं काय? ज्याला आपल्या भावाचं तोंड जाळवेना, त्याचं हे काम. आता कारण ऐका. अनुदानाबरोबर जमिनीचा भाडेपट्टा लोसानाच्या नावावर होणार होता, बारा वर्षांचा. पंचांसमोर नाही म्हणता येईना, म्हणून मास्तरांनी सही दिली. अर्जही लिहिला, म्हणजे त्यांच्यावर संशय जायला नको."

आपिसाईनं नाकारलं नाही. "तिनं बापाच्या बेटावर परत जावं, एवढंच मला हवं होतं," तो म्हणाला. "जमीन आमची आहे. ती आत शिरेल असं वाटलं नव्हतं."

"ती ज्याच्यासाठी शिरली, ते तुमच्या पेटीत होतं."

सेमीनं तसबीर तिच्या मांडीवर ठेवली. लोसानाचे हात वर होईनात, म्हणून ती नुसती वाकून बघत राहिली.

सासू उठली. वाटलं, सुनेला जवळ घेईल. म्हातारी तिच्यासमोर थांबली.

"एक समुद्रानं नेला," ती म्हणाली. "दुसरा तू पोलिसांना दिलास."

बाकीच्या बायका तिच्यामागून निघाल्या. एकीनंही वळून पाहिलं नाही.

रतेश सुटला. विलिसीनं तिथंच मांडीवर कागद घेतला आणि लिहिलं, जागा अस्तित्वात नाही. त्याखाली पुढचं नाव.

"पुढच्या वर्षी?" लोसानानं विचारलं.

"अर्ज करता येईल. जमिनीच्या संमतीवर घरच्या कर्त्याची सही लागते."

"कर्ता तर तुरुंगात जाणार."

"मग त्याच्यानंतरचा कोण असेल तो."

त्याच्यानंतर मास्तरांचा मुलगा होता. तो सभेतून आधीच उठून गेला होता आणि लोसानाचं सामान घराच्या पायरीवर आणून ठेवत होता.

शनिवारी एकच बोट होती. पुढच्या बाकावर बेड्या घातलेला आपिसाई बसला, मागच्या बाकावर लोसाना. ती बापाच्या बेटावर परत चालली होती. त्याला हवं होतं तसंच.