बोलवायला आलेली बाई

नाशिक रोडला, स्टेशनच्या मागच्या अंगाला, बंद पडलेल्या एका शाळेच्या तीन वर्गांत बेघरांसाठी रात्रनिवारा होता. खाटा चोवीस, झोपणारी माणसं सहा. उज्वला संध्याकाळी सहाला यायची, पाणी तापवायची, गाद्या झटकायची आणि दाराशी टेबल टाकून सात वाजता रजिस्टर उघडायची.

त्या जानेवारीत पारा सहावर उतरला होता. बिटको चौकातल्या पुलाखाली मागच्या वर्षापेक्षा दुप्पट माणसं निजत होती. काहींना खोलीचं भाडं झेपलं नव्हतं, काहींचं काम सुटलं होतं, काहींना मुलांनीच बाहेर काढलं होतं. तरी निवाऱ्यात कुणी येईना. उज्वला पत्रकं घेऊन दोनदा पुलाखाली जाऊन आली होती. "गाडीत घालून नेत्यात आन कोंडून ठेवत्यात," असं लोकांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

सोमवारी संस्थेचे ललित सर आले. "ताई, सहा जणांसाठी निवारा चालवता येणार नाही. महिनाअखेर बंद करा म्हणतायत वरचे."

"आणि हे सहा जण?"

सर रजिस्टरची पानं उलटत राहिले.

गुरुवारी सातच्या सुमारास लंकाबाई आली. मुक्तिधाम मंदिराबाहेर गजरे विकायची. बोचकं खाली ठेवून ती सरळ खिडकीजवळच्या खाटेकडे गेली.

"कुणी पाठवलं, मावशी?"

"तुम्हीच की, बाई. काल माझ्याशेजारी बसला नव्हता का? दवाखान्याचं कार्ड हरवलंय, तेबी काढून देते म्हनला."

काल उज्वलाची सुट्टी होती. दिवसभर ती देवळाली गावातल्या घरी तापाने फणफणून पडली होती. म्हातारीचा घोटाळा झाला असेल, असं म्हणून तिने नाव लिहून घेतलं.

शुक्रवारी केरू आला. नांदगावकडचा, लग्नाच्या हॉलमध्ये भांडी उचलणारा.

"भिंतीकडची खाट देनार होता ना? उजव्या खांद्यावर निजता येत नाय मला."

"मी कधी भेटले तुम्हाला?"

"आज सकाळी. पुलाखाली."

"अंगात काय होतं माझ्या?"

केरूने तिच्याकडे नीट पाहिलं. "हेच. तपकिरी स्वेटर. कोपरापाशी उसवलंय."

उज्वलाने कोपर वळवून पाहिलं. उसवलेलं होतं. तिच्या ते आत्ताच ध्यानात आलं.

शनिवारी तिने ललित सरांना बोलावून घेतलं. सहापासून दोघं टेबलाशी समोरासमोर बसले होते. बाहेर गाडीची घोषणा ऐकू येत होती, आत पाण्याचं पातेलं खदखदत होतं. साडेसातला सोमनाथ नावाचा एक जण बायको आणि तान्ही मुलगी घेऊन दारात आला. त्याला धाप लागली होती.

"ताई, लय भरभर चालता तुम्ही. कोपऱ्यावर वळलात अन् दिसलाच नाहीत."

सरांचा पेन थांबला.

"तुम्ही सहापासून इथेच बसलाय," ते हळूच म्हणाले.

"हो."

मग उज्वला उठली. पोरीचे पाय उघडे होते. तिने आधी तिला गोधडीत गुंडाळलं.

त्या दिवसापासून रोज दोघं-तिघं येत राहिली. ज्याच्या-त्याच्या दुखण्याची, भीतीची त्या बोलवायला जाणाऱ्या बाईला आधीच माहिती होती म्हणे. कोंडून ठेवणार नाही, दाराला आतूनच कडी आहे, असंही तिने सांगितलं होतं. लंकाबाई पहाटे सगळ्यांचा चहा ठेवायला लागली. केरूने पंख्यावरची गळकी कौलं नीट बसवली. वर्गांना माणसांचा वास यायला लागला. बंद करायचं पत्र आलंच नाही.

एकदा उज्वला पुलाकडे जायला निघाली. फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

ती भेटली, आणि मग यायची बंद झाली तर?

उज्वला परत फिरली.

महिनाअखेरीस एकच खाट उरली होती. दिवेलागणीला फाटकातून गोजराबाई आत आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी नाही. तिच्यामागे गल्ली रिकामी होती.

"आजी, एकट्या कशा आलात?"

"एकटी कुठं? तूच आनलंस की पुलापासनं, हात धरून."

उज्वलाने विचारलं, "मी काय म्हणाले वाटेत?"

"मी म्हनलं, तूबी चल आत. तर म्हनलीस, अजून लय जण हायेत बाहेर. समदे आत आले का मग येते."

उज्वलाने गल्लीकडे पाहिलं. उद्या सरांकडे आणखी दहा गाद्या मागायच्या, तिने ठरवलं. मग म्हातारीचा हात धरून ती तिला खाटेपाशी घेऊन गेली. गोजराबाई बसली, पण तिने हात सोडला नाही. दोन्ही तळव्यांत धरून तो चाचपत राहिली.

"आत्ता ऊब आली बघ," ती म्हणाली. "वाटंनं नुसता बर्फ व्हता."