धुतलेले हात

जवळ सरका रे. आणि मध्येच हसायचं नाही, कारण हे ज्याच्यावर गुजरलं तो माझा जिवाभावाचा दोस्त. घड्याळं दुरुस्त करायचा. त्यामुळे वेळ तरी तो चुकीची सांगणार नाही. रात्रीचे एक वाजून चाळीस मिनिटं.

त्याला रक्ताच्या दोन पिशव्या आणायला पाठवलं होतं. बायकोचं ऑपरेशन चाललं होतं. अन्ननलिकेचा कॅन्सर. औषधं झाली, किरणांचा शेक झाला, तरी गाठ हटेना. शेवटी वहिनींना स्वतःची थुंकीही गिळवेना. तेव्हा ठरलं, अन्ननलिका काढायची आणि जठर वर ओढून मानेत जोडायचं. दुपारी चारला आत नेलं. रात्री एकला सर्जन बाहेर आले. मास्क खाली ओढून म्हणाले, "गाठ श्वासनलिकेला चिकटलीय. सोडवायला गेलो तर श्वासनलिका फाटेल. रक्त आणा, शेवटचा प्रयत्न करतो. नाही जमलं तर तसंच शिवून टाकू."

"तसंच म्हणजे?"

सर्जन मास्क वर ओढून आत वळले.

हा पळत सुटला. पिशव्या मिळाल्या, छातीशी धरल्या, तीन जिने चढला. लिफ्टची वाट बघायला धीर कुठला? मागे एकदा ती म्हणाली होती, "घास अडकतो हो." आणि हा पेपरातून मान वर न करता म्हणाला होता, "सावकाश जेव." ते 'सावकाश' आता त्याचं काळीज कुरतडत होतं.

वर आला. व्हरांड्यात चिटपाखरू नाही. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी मात्र एक म्हातारे डॉक्टर उभे. हिरवा गाऊन. दोन्ही हात वर धरलेले. कोपरांवरून पाणी गळतंय.

"दार उघड. माझे हात धुतलेले आहेत."

"तुम्हाला... मोठ्या डॉक्टरांनी बोलावलंय?"

"कुठे चिकटलीय?"

"श्वासनलिकेला... वाचवा हो तिला."

"मग उघड."

याची नजर खाली गेली. पाणी गळत होतं. टप... टप...

फरशी कोरडी होती.

ठणठणीत कोरडी.

अरे, कळलं होतं त्याला! त्यानेच मला सांगितलं. ओरडावंसं वाटलं. पळावंसं वाटलं. पण आत ती... टेबलावर... छाती उघडलेली...

त्याने खांद्याने दार ढकललं.

अंगावरून गारवा गेला. इतकंच.

आतून सिस्टर आली, पिशव्या घेतल्या.

"आत्ता आत गेले ते डॉक्टर..."

"कोण? कोणी नाही आलं."

...

पहाटे साडेपाचला सर्जन बाहेर आले. बाकावर मटकन बसले.

"निघाली. सगळी."

हा रडायला लागला. सर्जन मात्र आपल्याच हातांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कशी निघाली ते विचारू नका."

वहिनी वाचल्या. बाराव्या दिवशी मानेवरच्या जखमेला टाक्यांऐवजी मारलेल्या पिना काढायला सर्जन स्वतः आले. एक काढली. दुसरी. तिसरी...

थांबले.

पिनांच्या मधोमध एक टाका होता. काळ्या दोऱ्याचा. हाताने गाठ मारलेला.

"हा कोणी घातला?"

"आपण तर नुसत्या पिनाच मारल्या होत्या, सर," सिस्टर म्हणाली.

सर्जननी कात्री उचलली. जवळ नेली...

आणि परत ट्रेमध्ये ठेवली.

तो टाका अजून तिथेच आहे.