लशीआधीचं रक्त

सकाळी डॉक्टरीणबाईंनी प्रयोगशाळेतली शीतपेटी उघडली आणि त्यांचं धाबंच दणाणलं. जे रक्त आज तपासायचं, नेमकं तेच गायब!

संस्थेच्या सुरक्षाप्रमुखाला बोलावणं गेलं. पोलिसातली नोकरी कधीच सुटली होती, तरी सगळे त्याला फौजदारच म्हणत.

"माझ्यासारख्या अडाण्याला कळेल असं सांगा," तो म्हणाला.

"एका आजारात शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटतं. पापण्या गळतात, घास गिळवत नाही. लशीचा त्याच्याशी संबंध आहे का, ते आम्ही शोधतोय. लस घेतलेल्यांपैकी एक मुलगी आजारी पडली. लशीआधी काढलेलं तिचं रक्त तपासलं, की आजार आधीचा की नंतरचा ते कळेल."

"पेटीला हात कोणाकोणाचा लागतो?"

"माझा, तंत्रज्ञाचा आणि नर्सचा. रक्त काढून कुप्या भरते ती नर्सच. गेल्या की हो तिन्ही कुप्या!"

तंत्रज्ञ तर भडकलाच. "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका! प्रत्येकाच्या तीन-तीन कुप्या असतात. तिन्ही नेऊन मी काय लोणचं घालू?"

नर्स वॉर्डात त्या आजारी मुलीला चमच्याने सूप भरवत होती.

"नमुना चोरीला गेलाय," फौजदार एवढंच बोलला.

"एवढीशी कुपी. खिशात घालून कोणीही नेईल," नर्स मान वर न करता म्हणाली.

"रक्त काढताना त्रास झाला होता का गं पोरी?" त्याने मुलीला विचारलं.

"शीर सापडेना," मुलगी अडखळत म्हणाली. "ताईनं कसंबसं थोडंसं काढलं. सख्खी ताई आहे माझी."

नर्सचा चमचा थांबला.

थोड्या वेळाने फौजदाराने तिघांना डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसवलं.

"दोघं म्हणाले तिन्ही कुप्या गेल्या. नर्सबाई म्हणाल्या, कुपी. रक्त थोडंच निघालं, एकच कुपी भरली, हे भरणारीलाच माहीत. पण बाई, तुम्हाला ती फेकवली नाही. पेटीच्या तळच्या कप्प्यात जुन्या नमुन्यांमागे ठेवलीत. मी आत्ताच पाहून आलो."

नर्सने पदराने तोंड झाकलं. "ती लस नको म्हणत होती. मीच हात धरून आणली. हे माझ्यामुळे झालं असं त्या रक्तानं सांगितलं असतं, तर मी तिला तोंड कसं दाखवलं असतं?"

कुपी तपासायला गेली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई निकाल घेऊन आल्या.

"आजाराच्या खुणा लशीआधीच्या रक्तातच आहेत. एकीवरून सगळ्या लशीचा निवाडा होत नाही, पण हिचा आजार लशीच्या आधीचाच. चोरीचं पुढे बघू, पण तिच्या आजाराचं पाप तुझ्या माथी नाही."

आता नर्सच्या मनावरचं ओझं उतरेल, असं फौजदाराला वाटलं. पण ती मटकन खाली बसली.

"म्हणजे तेव्हाही तिला हे होतंच," ती पुटपुटली. "केस विंचरताना हात गळतात म्हणायची. आणि मी, नर्स असून, तिला कामचुकार म्हणायचे. सोंगं पुरे कर म्हणायचे. तेव्हाच औषध सुरू झालं असतं..."

निर्दोष ठरल्यावर कोणाला असं रडताना फौजदाराने पाहिलं नव्हतं.

डोळे पुसून ती उठली आणि वॉर्डाकडे निघाली.

"मीच सांगते तिला," ती म्हणाली. "रोज मला समजावते वेडी, 'ताई, यात तुझी काय चूक?'"