ओडेसाआत्याच्या पलंगाखालचा टेकू

ऑर्व्हिल टिग माझ्याबरोबर शाळेची बस चालवायचा, म्हणून ही गोष्ट पक्की. कर्टिस, पाय आत्ताच वर घेऊ नकोस, भूत यायला अवकाश आहे.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. ऑर्व्हिल त्याच्या ओडेसाआत्याला घरातून हलवायला निघाला होता. आयोवातल्या आपल्या त्या कोळशाच्या खाणीच्या, आता ओस पडलेल्या गावातलं ते शेवटचं घर. काळे-गोरे तिथे कुंपणाला कुंपण लावून राहिले, खाली खाणीत सारख्याच पगारावर राबले. खाण बंद पडली तशी लोकांनी घरंसुद्धा ओंडक्यांवरून ओढून नेली. हे तेवढं राहिलं. आता खाली खाणीची पोकळी अंगण गिळत होती.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याने त्याला घेवडा नि मक्याची भाकरी वाढली. निघायचं म्हटलं की तिला ऐकू येईना. शेवटी पलंगावर पडून म्हणाली, "दमले रे आता. जमिनीला हवी असेन तर नेऊ दे."

ऑर्व्हिल तिथेच खुर्चीत पेंगला. बस चालवून तोही मेटाकुटीला आलेला.

एक वाजून वीस मिनिटं.

टक. टक. टक.

स्वयंपाकघराच्या फरशीखालून. तो म्हणाला, उंदीर. आत्या उठून बसली. तिचे आजोबा रूबेन याच खाणीतले. खाली गेल्यावर त्यांनी टिकावाने छत ठोकायचं, जोडीदार अ‍ॅक्सेल हल्टमन, स्वीडनचा गोरा, त्याने तळहात लावून अंदाज घ्यायचा. बावीस वर्षं हीच जोडी. पोकळ वाजलं तर आधी खांबाचा टेकू, मग कोळसा.

आणि त्यांचं छत म्हणजे आपली जमीन.

टक. टक... बोळात आलं. टक. दाराशी. टक.

पलंगाखाली...

ढब.

पोकळ.

मग घाव सुरू झाले. दोन घण, आळीपाळीने. न थांबता. मधेच कुणीतरी खोकलं. थकलेलं, जुनं खोकणं.

आत्याने वाकून फरशीला तळहात लावला. बराच वेळ.

"म्हाताऱ्यांना किती राबवायचं," ती म्हणाली. "माझी चप्पल दे. मी निघाले की सुटतील बिचारे."

तिचं पाऊल रस्त्याला लागलं. घाव थांबले.

पहाटेला अंगण, स्वयंपाकघर, बोळ, सगळं खाली गेलं. पलंग तेवढा जागच्या जागी. ऑर्व्हिलने कडेला पालथं पडून बॅटरी मारली. खाली ओकचा खांब उभा होता, माथ्यावर दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकलेला.

खाण बंद होऊन शंभर वर्षं झाली.

त्याने हात लांबवून बोट लावलं. साल ओली होती, नुकत्याच तोडलेल्या झाडासारखी.