बोक्याची जागा

आजीला जाऊन महिना झाला होता. तिच्या भाड्याच्या दोन खोल्या रिकाम्या करायला रविवारी दुपारी मी गेलो, तर ताई आधीच येऊन कपाट आवरत होती.

"खुर्ची तू ने," ती म्हणाली. "तूच केलीस ना?"

मी सुतार. ती खुर्ची माझ्या हातचं पहिलं काम. तेव्हा आजी एवढंच म्हणाली होती, "बोक्याला छान झाली हो!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आई-वडलांमागे तिनंच आम्हाला वाढवलं. कधी उपाशी झोपवलं नाही, खोटं कशाला बोलू? पण लंगडी कुत्री, पंख मोडलेली कबुतरं आणि शेवटी हा पिवळा बोका, यांच्यातून तिची मांडी कधी मोकळी झालीच नाही. मला गोवर आला, तेव्हाही ती कुत्र्याच्या पिल्लांना कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत बसली होती. "तू शहाणा आहेस रे," म्हणायची. शहाणपणाची शिक्षाच ती.

"मी रोज दूध ठेवायला येते," ताई हळूच म्हणाली. "बोका अजून तिथंच बसतो. बघ जरा."

बोका खुर्चीत वेटोळं करून झोपला होता. त्यात काय बघायचं? मग लक्षात आलं, त्याच्या पोटाखालून खुर्चीच्या पाठीच्या पट्ट्या दिसत होत्या.

मी टेप काढली. बैठकीपासून पोटापर्यंत साडेपाच इंच. पुन्हा मोजलं. साडेपाचच.

"महिनाभर असंच चाललंय," ताई म्हणाली. "कुणाला सांगणार?"

भीती वाटायला हवी होती. मला जळफळाट झाला. मेल्यावरसुद्धा बोकाच!

ताई कचरा टाकायला खाली गेली. मी बोक्याला मानगुटीला धरून उचललं आणि स्वयंपाकघरात कोंडलं. तो दार ओरबाडायला लागला. खुर्चीपुढे गुडघे टेकून मी डोकं हळूहळू खाली नेलं.

लाकडाच्या वरच ते टेकलं. मऊ होतं. कोमट होतं.

कानामागे बोटं फिरायला लागली.

मी रडलो, अगदी लहान पोरासारखा. "आजी," म्हणालो, "मी आहे गं."

बोटं थांबली.

त्यांनी कान चाचपला. गाल. नाक.

मग माझं डोकं खाडकन लाकडावर आपटलं.

मी तसाच पडून राहिलो. स्वयंपाकघरातलं ओरबाडणं थांबलं. बंद दाराआड बोका लाडानं घुरघुरायला लागला.