करंड्यातला दात

प्रयोगशाळेतल्या खुर्चीत पहुडलेल्या आईला ऋजुताने पुन्हा एकदा बजावलं, "या बाजूने चावायचं नाही. बधिरपणा उतरला की दुखेल, पण थोडंच, आणि रोज कमी होत जाईल. कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, गाल सुजला, तर लगेच सांगायचं."

"ऐकलं, डॉक्टर," अर्चनाबाई अर्ध्या बधिर तोंडाने म्हणाल्या. जन्म शाळेत मुलांना दटावण्यात गेलेला, त्यामुळे स्वतः ऐकून घेणं त्यांना जड जात होतं.

रूट कॅनालमध्ये किडलेली नस काढून मुळं साफ करतात आणि भरून टाकतात. दात वाचतो, पण त्याला गार-गरम कळत नाही. ऋजुताचं संशोधन त्याच्या पुढचं होतं. माणसाच्या दुधाच्या दातातल्या वाळलेल्या पेशी जाग्या करून ती रिकाम्या मुळात पेरायची. या तंत्राला तिने 'पेशीजागर' असं नाव दिलं होतं. अट एकच, दात स्वतःचाच हवा. परक्या पेशींना शरीर आठवड्याभरात हुसकावून लावतं आणि त्यांच्यापायी दातही जातो. आईचा दुधाचा दात आजीच्या करंड्यात सापडला, तेव्हा ऋजुताला आभाळ ठेंगणं झालं होतं. आज त्यातल्याच पेशी तिने आईच्या किडलेल्या दातात पेरल्या होत्या.

परतताना गाडीत अर्चनाबाई म्हणाल्या, "आईने हा एक कसा काय ठेवला कोण जाणे. एरवी चिपळूणला पडलेला दात कौलावर फेकायचो आम्ही. उंदराने नवा द्यावा म्हणून."

"सगळे?"

"सगळेच. आई फेकायलाच लावायची."

ऋजुताने गाडी कडेला घेतली. "मग करंड्यातला कुणाचा?"

अर्चनाबाईंनी बधिर गालावर हात ठेवला. "तुझा असणार गं. आपल्या इमारतीला कौलं कुठली? फेकायचा कुठे म्हणून आजीने ठेवला असेल."

ऋजुता दत्तक होती. लग्न न केलेल्या अर्चनाबाईंनी तिला आश्रमातून आणलं, हे तिला समजायला लागल्यापासून ठाऊक होतं.

"परत जाऊ. मी त्या पेशी काढून टाकते."

"राहू दे."

"आई, दात जाईल!"

"बघू तरी," म्हणून अर्चनाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

घरी पोचताच ऋजुताने प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मैत्रिणीला, डॉ. फिरदौस इनामदारला फोन लावला.

"टिकायची आशा नाही," फिरदौस म्हणाली. "रक्ताचं नातं असतं तरी नसती. अपवाद एकच. गर्भारपणी बाळाच्या पेशी आईच्या अंगात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. अशा आईचं शरीर त्या बाळाला परकं मानत नाही. पण त्यासाठी मूल पोटात वाढवावं लागतं. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही."

ऋजुता रोज आईचा गाल चाचपत राहिली. पहिल्या दिवशी आलेली थोडीशी सूज उतरली. ठसठसही ओसरली. दात आईचाच असेल, अशी तिने मनाची समजूत घालून पाहिली. मग प्रयोगशाळेत जाऊन दाताचा उरलेला तुकडा भिंगाखाली धरला. त्याच्यावर पांढरा डाग होता. बालवाडीतल्या फोटोत ती हसतेय, तिथे समोरच्या दातावर दिसतो तोच.

आठवडा सरला तेव्हा स्वयंपाकघरात तिने चिमट्याने बर्फाचा खडा आईच्या दाताला लावला.

"काही कळतंय?"

अर्चनाबाईंनी डोळे मिटले. "गार लागतंय."

ऋजुताने चिमटा ओट्यावर ठेवला. तिला रडू फुटलं. आश्रम, दत्तकविधान, लोकांना सांगितलेलं सगळं एका गार खड्याने खोटं पाडलं होतं.

"तुला गाडीतच कळलं होतं," ती म्हणाली.

"मला तुझं विज्ञान काय कळणार? एवढंच वाटलं, की तुझं काही माझ्या अंगाला परकं लागायचं नाही."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

अर्चनाबाईंनी तिचे डोळे पदराने पुसले.

"दात दुखला असता, तर कधीच नाही."